फाशीचा कागद

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीच्या स्टेशन चौकात काय, लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली की दुसऱ्या दिवशी मोर्चा निघतो. दुकाने बंद राहतात, शाळकरी मुली फलक धरून चालतात आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले जाते. त्यात दोन मागण्या ठरलेल्या असतात: खटला फास्ट ट्रॅक कोर्टात चालवा आणि आरोपीला फाशी द्या. त्या संतापाला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण तिसरीही एक मागणी त्या निवेदनात असायला हवी, आणि ती सहसा नसते: पंचनामा, मुद्देमाल, साक्षी आणि आरोपीच्या वयाचे कागद यांत एकही फट राहू देऊ नका.

फाशीचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा तत्त्वावर रंगतो. सरकारला जीव घेण्याचा अधिकार आहे का, फाशीने जरब बसते का, मारलेल्या माणसाच्या घरच्यांना तिच्याशिवाय न्याय मिळतो का. प्रश्न मोठेच आहेत. तरी खटल्याचे बाड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्याला एक गोष्ट लख्ख दिसते. शिक्षा सुनावतात न्यायाधीश, पण ती ठरत जाते त्याच्या कितीतरी आधी, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, पहिल्या दोन-तीन दिवसांत. तिथे चूक झाली की पुढची सगळी न्यायालये त्या चुकीवर शिक्के मारत जाऊ शकतात.

हे म्हणणे हवेतले नाही. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या एका कुटुंबावर टोळीने हल्ला केला. पाच माणसे मारली, बलात्कार झाले. पकडलेले सहाही जण भटक्या समाजातले, गरीब. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मग पुनर्विचाराचा अर्ज, त्यावर खुली सुनावणी, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून वेगळ्याच चार माणसांना ओळखले होते. त्या दिशेने तपास झालाच नव्हता. सहाजणांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन निघाला. सोळा वर्षे गेल्यावर प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांवर खात्यामार्फत कारवाई करण्याचा आदेश झाला.

या निकालाची बातमी आली तेव्हा बोलणे झाले ते सुटलेल्या सहाजणांविषयी. त्या बाईचे काय? तिच्या घरात पाच माणसे ज्यांनी मारली ते बाहेरच राहिले. फाशीची मागणी करणाऱ्यांनी खटल्याची ही बाजू आधी पाहावी, कारण चुकीच्या माणसाला दिलेली फाशी ही खऱ्या गुन्हेगाराला दिलेली माफी असते.

सातारा जिल्ह्याच्या इतिहासात हा विषय फार जुना आहे. रामशास्त्री प्रभुणे आपल्या क्षेत्र माहुलीचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, शास्त्रीबोवांनी चौकशी केली आणि खुद्द गादीवर बसू पाहणाऱ्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आनंदीबाईंनी पत्रात अक्षर बदलल्याची आख्यायिका सगळ्यांच्या तोंडी असते. मला तिच्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. निकाल अमलात आणायला कुणी नव्हते. शास्त्रीबोवा पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. मराठी राज्यात देहदंड नव्हता असे नाही: कडेलोट होता, हत्तीच्या पायी देणे होते, तोफेच्या तोंडी देणे होते. पण ब्राह्मण आणि बाई यांना सहसा देहान्त नसे, आणि सत्तेच्या जवळ असलेल्याला शिक्षा सांगायलाच रामशास्त्री लागत.

सूडाने दिलेल्या देहदंडाची किंमतही याच राज्याने मोजली. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकर फौज घेऊन पुण्यावर आले, बाजीराव पळाला आणि १८०२ च्या डिसेंबरअखेर त्याने वसईच्या तहावर सही केली.

मग साताऱ्यातला गेंडामाळ. रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षे लंडनमध्ये राहून साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराजांची कैफियत मांडत राहिले, हात हलवत परतले आणि १८५७ मध्ये त्यांनी साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. जूनमध्ये कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर एकाच दिवशी सतरा जणांना मारले: पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा बंदुकीच्या गोळ्यांनी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. कट फुटल्यापासून तीन महिन्यांच्या आत सगळा न्याय उरकला होता. आज ‘लवकर निकाल’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. गेंडामाळावरचा निकाल अतिशय लवकर लागला होता. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंतींत या लोकांचे स्मारक आहे. ज्यांना सरकारने गुन्हेगार म्हणून मारले त्यांना आपण हुतात्मा म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

साताऱ्याचा तिसरा धागा शाळेतला आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचे नाव इथल्या सरकारी शाळेत दाखल झाले, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात. त्याच भीमरावांनी ३ जून १९४९ ला घटना समितीत देहदंडावर आपले मत मांडले. चर्चा होती फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे का, याची. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की असे अपिलाचे आडमार्ग शोधत बसण्यापेक्षा देहदंडच रद्द करावा. हा देश आचरणात नसला तरी तत्त्व म्हणून अहिंसा मानत आला आहे. घटना समितीने ते स्वीकारले नाही.

त्यानंतर कायदा उलटा फिरत गेला, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हाच नियम होता. न्यायाधीशाने जन्मठेप दिली तर त्याची कारणे लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. १९७३ च्या संहितेने गणित पुरते पालटले: आता फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ लिहायला हवीत. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक अशा मताने फाशी घटनाबाह्य नाही असे ठरवले, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच द्यावी, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा असे बजावले. वेगळे मत देणारे न्यायमूर्ती भगवती म्हणाले की ही शिक्षा न्यायाधीशागणिक बदलते, म्हणून ती मनमानी आहे. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. १९९६ मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फक्त गुन्हा पाहावा, गुन्हेगार नव्हे, असे म्हटले. त्या खटल्यातला आरोपी त्याच वर्षी फासावर गेला आणि त्या निकालाच्या आधारावर आणखी फाशीच्या शिक्षा झाल्या. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की तो निकाल बच्चनसिंग खटल्याला सोडून होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या निकालांवर फाशी सुनावलेल्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली.

‘गुन्हेगारही पाहावा’ म्हणजे प्रत्यक्षात काय? दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यायची असते. जिल्ह्याच्या कोर्टात ती पुष्कळदा त्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर उरकते. आरोपीचा वकील उभा राहतो, म्हणतो: तरुण आहे, म्हातारे आईवडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया करावी. झाले. २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. सरकारने सुनावणीच्या टप्प्यावरच आरोपीची मानसिक तपासणी, वय, घरची परिस्थिती, शिक्षण यांची माहिती दिली पाहिजे. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल हवा. कैदेत तो कसा वागला याचा तुरुंगाचा अहवाल हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की हे नियम न पाळता फाशी कायम झाली असेल, तर शिक्षेचा मुद्दा पुन्हा उघडता येतो.

हे कागद जमवायला वेळ लागतो आणि माणूस लागतो. सांगलीच्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या मुलाची कागदपत्रे साखरशाळेत असतील, नाहीतर बीडच्या झेडपीच्या शाळेत, नाहीतर कुठेच नसतील. लहानपणी डोक्याला मार लागला असेल तर ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर केव्हाच रद्दीत गेलेला. घरचे लोक मुकादमाची उचल फेडण्यात बुडालेले. कोर्टात येणे म्हणजे मजुरी बुडणे. विधिसेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाकडून एका हेलपाट्यात हे सारे व्हावे अशी अपेक्षा ठेवणे त्या वकिलावरही अन्यायच आहे. खटला सुरू होतानाच या कामाला वेगळा माणूस नेमला पाहिजे.

वयाचा कागद तर सगळ्यांत आधी हवा. गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसलेल्याला फाशी देता येत नाही, आणि हा मुद्दा कितीही उशिरा, अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी, आणि तिच्यात वर्षा-दोन वर्षांचा फरक पडतो. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक जण २७ मार्च २०२३ ला सुटला. त्याच्यावर खटला चालला तो वेगळ्या नावाने. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदवहीत त्याचे खरे नाव आणि जन्मतारीख होती. गुन्ह्याच्या दिवशी तो १२ वर्षे ६ महिन्यांचा होता. अठ्ठावीस वर्षे तो तुरुंगात राहिला. शाळेची ती वही इतकी वर्षे जागच्या जागीच होती.

सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी सगळे रेकॉर्ड वर पाठवावेच लागते आणि कायम करण्याच्या हुकमावर निदान दोन न्यायाधीशांच्या सह्या लागतात. साताऱ्यात मराठीत नोंदवलेल्या साक्षी इंग्रजीत उतरवून त्यांचे पेपरबुक, म्हणजे वरच्या न्यायालयासाठीचे कागदांचे बाड, तयार होते. त्यात एखादे वाक्य निसटले तर ते हेरायला मूळ मराठी वाचणारा वकील लागतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांची कामे तिथे चालू लागली. मुंबईच्या फेऱ्या परवडत नसलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना याचा मोठा आधार आहे, पीडितेच्या आईवडिलांनाही.

या चाळणीतून उरते किती? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशी सुनावलेल्या १,४८६ कैद्यांच्या शिक्षेचे पुढे काय झाले ते पाहिले. शेवटपर्यंत फाशी टिकली ती सुमारे ५ टक्क्यांची. सुमारे ६५ टक्क्यांची जन्मठेप वा त्याहून कमी शिक्षा झाली, आणि जवळजवळ ३० टक्के निर्दोष सुटले. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले होते. दहातली तीन माणसे निर्दोष सुटत असतील तर खालच्या पातळीवरचा पुरावा किती कच्चा आहे, हे वेगळे सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयानंतर दयेचा अर्ज. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याला मुदती घातल्या आहेत: तुरुंग अधीक्षकाने निकाल कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, आधी राज्यपालांकडे, त्यांनी फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचे म्हणणे आल्यावर केंद्राने ६० दिवसांत शिफारस करायची, आणि राष्ट्रपतींचा निर्णय ४८ तासांत राज्याच्या गृहखात्याला आणि तुरुंगाला कळवायचा. राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवावे याला मात्र मुदत नाही. २०१४ च्या निकालापासून अर्ज फेटाळल्याचे कळणे आणि फाशी यांत किमान १४ दिवसांचे अंतर, घरच्यांची शेवटची भेट आणि वकिलाची मदत बंधनकारक आहे. तारखेचे वॉरंट काढते ते मूळचे सत्र न्यायालय. फाशीची व्यवस्था राज्यात येरवडा आणि नागपूर इथे आहे.

आपल्याकडच्या दोन प्रकरणांत हा कागद कसा अडकला ते पाहा. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात दोन बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, दयेचा अर्ज फेटाळला गेला तो २०१४ मध्ये. मधली वर्षे फाईल सरकारी टेबलांवर पडून होती, आणि याच दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. पुण्यातल्या कॉल सेंटरच्या कर्मचारी तरुणीच्या २००७ च्या खून खटल्यात राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळला, आणि वॉरंट निघाले एप्रिल २०१९ मध्ये. दोन्ही आरोपींची फाशी त्याच वर्षी जन्मठेपेवर आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. फाशी होणार या आशेवर मारलेल्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवायचे आणि शेवटी कारकुनी उशिरामुळे ती रद्द व्हायची: हा त्यांच्यावर दुसरा घाव आहे. २००० नंतर देशात आठ जणांना फाशी दिली गेली, आणि २०२३ अखेर ५६१ जण तिची वाट पाहत होते.

मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे. विधी आयोगानेही ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. यावर पहिला प्रश्न येतो: मग काय, चौदा वर्षांनी सुटून येऊ द्यायचे? हा समज काढून टाकला पाहिजे. फाशीची शिक्षा असू शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही, एवढेच कायदा म्हणतो. चौदा वर्षांनी सोडलेच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. २००८ पासून वरची न्यायालये २०, २५, ३० वर्षे किंवा मरेपर्यंत, माफीशिवाय, अशी शिक्षा देऊ लागली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती पद्धत मान्य केली. गुन्हेगार समाजात परत येऊ नये ही मागणी तिने पुरी होते, आणि फाशी यार्डातली अनिश्चित वर्षे कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

जोवर फाशी कायद्यात आहे तोवर निदान तपासाची शिस्त तरी हवी. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणेही. तरी जुने रोग जात नाहीत. दर खटल्यात तेच ते दोन पंच, ठाण्याच्या शेजारच्या पानटपरीवरचे. मुद्देमाल जप्त झाला सोमवारी, सील लागले बुधवारी, प्रयोगशाळेत गेला तीन आठवड्यांनी, मधल्या काळात तो कुठे होता याची नोंद नाही. ओळखपरेड उशिरा, तोवर आरोपीचा फोटो पेपरात छापून आलेला. जुलै २०२५ मध्ये फाशीच्याच एका प्रकरणात आरोपीला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिला: डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, आणि ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेले याची वही निकाल लागेपर्यंत ठेवली पाहिजे. त्या वहीतली वेळ, स्टेशन डायरीतली वेळ आणि प्रयोगशाळेच्या पावतीवरची वेळ एकमेकींशी जुळतात का, हे उलटतपासाच्या पहिल्या अर्ध्या तासात कळते.